वऱ्हाडच्या उन्हातला चष्मा : प्रस्तावना

अकोल्यात घर आणि अमरावतीत नोकरी असलेल्या माणसाला रोज दोनदा सूर्याला तोंड द्यावे लागते. सकाळी पूर्वेकडे निघताना सूर्य समोर, संध्याकाळी पश्चिमेकडे परतताना पुन्हा समोरच. अमरावतीत घर आणि अकोल्यात नोकरी असेल तर दोन्ही वेळा तो पाठीशी. शंभरेक किलोमीटरचा हा मार्ग नेमका पूर्व-पश्चिम नाही. अमरावतीहून अकोल्याला जाताना तो जरा दक्षिणेला कलतो. त्यामुळे एप्रिल-मेच्या सकाळी अमरावतीकडे येणाऱ्याच्या आणि नोव्हेंबर ते जानेवारीच्या संध्याकाळी अकोल्याकडे जाणाऱ्याच्या अगदी नाकासमोर सूर्य उभा असतो. भाडे कमी म्हणून या किंवा त्या गावात बिऱ्हाड करणाऱ्यांनी हा हिशेब सहसा केलेला नसतो.

याच मार्गावर, लोणी ते माना या पट्ट्यात, जून २०२२ मध्ये एका लेनचा ७५ किलोमीटर डांबरी थर १०५ तास ३३ मिनिटांत टाकला गेला आणि त्याची गिनीज बुकात नोंद झाली. वृत्तपत्रांनी वेगाचे कौतुक केले, ते रास्तच होते. रस्ता गुळगुळीत झाला की त्यावरून उसळणारा उजेडही जास्त सरळ डोळ्यांत येतो, ही गोष्ट मात्र गाडी चालवणाऱ्याला पहिल्या पावसानंतरच कळते.

ही पुस्तिका चष्म्याच्या काचांविषयी आहे. उन्हात आपोआप काळ्या होणाऱ्या आणि सावलीत पुन्हा पांढऱ्या होणाऱ्या, रस्त्यावरची चकाकी कापणाऱ्या, स्वतःच्या पृष्ठभागावरचे परावर्तन कमी करणाऱ्या अशा त्या काचा. अमरावती-अकोल्याच्या दुकानांत त्या फोटोक्रोमॅटिक, पोलराइज्ड, एआरसी अशा नावांनी मिळतात. जुने लोक अजून फोटोग्रे आणि फोटोब्राऊन म्हणतात. माहितीपत्रके चकचकीत असतात, पण ती वऱ्हाडासाठी लिहिलेली नसतात. ज्या हवेत ती लिहिली जातात तिथे मे महिना वसंताचा असतो.

माझे म्हणणे एवढेच आहे की ऊन ही डोळ्यांच्या दृष्टीने एक तक्रार नाही, तीन आहेत. उजेड फार असणे ही पहिली. एखाद्या पृष्ठभागावरून परतलेला उजेड डोळे दिपवतो ती चकाकी, ही दुसरी. आणि जो दिसतच नाही, म्हणून ज्याची तक्रारही कुणी करत नाही, तो अतिनील प्रकाश ही तिसरी. तिन्हींवरचा इलाज वेगळा आहे. दुकानात मात्र आपण ‘उन्हाचा चष्मा द्या’ म्हणतो, आणि दुकानदार त्याच्याकडे जो असेल तो देतो.

आधी उन्हाकडेच बघू. अकोला साधारण २०.७ आणि अमरावती २०.९ उत्तर अक्षांशावर, म्हणजे दोन्ही कर्कवृत्ताच्या दक्षिणेला आहेत. सूर्य इथे वर्षातून दोनदा बरोबर डोक्यावर येतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यातली खेप बहुधा ढगांमागे जाते; मे महिन्यातली, २३ ते २५ च्या आसपासची, आपण पुरेपूर भोगतो. त्याच सुमाराला सूर्य रोहिणी नक्षत्रात जातो आणि नवतपा सुरू होतो. मे २०२० च्या अखेरीस अकोल्यात पारा ४७ अंशांच्या वर गेला होता. मे २०२४ मध्ये उष्णतेची लाट आली तेव्हा जिल्हाधिकाऱ्यांनी महिनाअखेरपर्यंत कलम १४४ लावले. जमावबंदीचे कलम उन्हासाठी लावावे लागते असे गाव महाराष्ट्रात तरी दुसरे मला आठवत नाही.

निरभ्र दुपारी उघड्यावर साधारण एक लाख लक्स उजेड असतो. जुन्या वाड्याच्या माजघरात, खिडकीपासून दूर, तो शंभर-दोनशेवर येतो. अंगणातून उंबरठा ओलांडला की डोळ्यांना एवढी मजल एका पावलात मारावी लागते. तरुणपणी ती जमते. वय वाढले की बाहुली आखडते, अंधाराला सरावायला वेळ लागतो, आणि आजोबा दारात क्षणभर भिंत धरून उभे राहतात. आपोआप रंग बदलणारी काच विकली जाते ती याच क्षणासाठी.

ही काच मुळात अमेरिकेतल्या कॉर्निंग ग्लास वर्क्सची. विल्यम आर्मिस्टेड आणि डोनाल्ड स्टूकी या दोघांनी १९६० च्या दशकाच्या सुरुवातीला काचेच्या रसातच चांदीच्या क्षारांचे अतिसूक्ष्म स्फटिक बसवले, सोबत चिमूटभर तांबे. फोटोच्या फिल्मवर जे घडते तेच इथे घडते: अतिनील प्रकाश पडला की क्षारातली चांदी सुटी होते आणि काच काळवंडते. फरक इतकाच की फिल्ममधला बदल कायमचा असतो. काचेत मात्र क्लोरिन घट्ट कोंडलेला असतो, तो कुठे जाऊ शकत नाही, म्हणून प्रकाश सरताच चांदी त्याच्याकडे परतते. या काचेचा रंग वर्षानुवर्षे टिकतो. दोष दोन. ती जड असते. आणि रंग काचेच्या सगळ्या जाडीत असल्यामुळे मोठ्या नंबरच्या चष्म्यात मध्ये आणि कडेला वेगवेगळी गडद होते. पूर्वी ज्यांचे मोतीबिंदूचे ऑपरेशन कृत्रिम भिंगाशिवाय व्हायचे त्यांच्या जाड भिंगात हा काळा ठिपका ठळक दिसे.

प्लास्टिकची काच (‘प्लास्टिकची काच’ हा शब्दप्रयोग विचित्र खरा, पण दुकानात दुसरा नाही) १९९० नंतर बाजारात स्थिरावली. ट्रान्झिशन्स या कंपनीने १९९१ मध्ये ती प्रथम मोठ्या प्रमाणावर आणली. तीत चांदी नसते. नॅफ्थोपायरान गटातली सेंद्रिय रंगद्रव्ये काचेच्या वरच्या पातळ थरात मुरवलेली असतात. रेणू मिटलेला असतो तोवर त्याला रंग नसतो. अतिनील किरण पडला की त्यातला एक बंध तुटतो, रेणू उघडून सपाट होतो आणि दृश्य उजेड शोषू लागतो. किरण थांबला की तो पुन्हा मिटतो. त्याला मिटवते ती उष्णता.

वऱ्हाडात या काचेचे घोडे अडते ते याच शेवटच्या वाक्यापाशी. तळाला भोक असलेल्या हौदात वरून तोटी सोडली तर पाणी किती चढेल हे तोटी आणि भोक दोन्ही मिळून ठरवतात. इथे तोटी म्हणजे अतिनील प्रकाश आणि भोक म्हणजे हवेची उष्णता. थंड हवेत भोक बारीक, काच गर्द काळी होते. हवा तापत जाईल तसे भोक मोठे होते आणि ऊन कितीही कडक असो, काच अर्धवट करडी राहते. या काचांची प्रमाणित चाचणी २३ अंश तापमानाला होते. उष्ण हवेतला फरक पाहण्यासाठी वेगळी चाचणी असते, ती ३५ अंशांना. अकोल्याची मे महिन्यातली दुपार त्या ‘उष्ण’ चाचणीच्याही नऊ-दहा अंश वर असते, आणि हे सावलीतले तापमान. उन्हात धरलेली काच त्याहून तापते.

दुकानातला प्रयोग सगळ्यांनी पाहिलेला आहे. एसी सुरू असतो. काउंटरमागचा मुलगा नोटा तपासायची जांभळी बॅटरी काढतो, काचेवर मधोमध टेकवतो, दहापर्यंत मोजतो आणि उचलतो. काचेवर रुपयाएवढा गोल काळा डाग. कड रेखीव, आत गडद धुरकट रंग. बोटाने पुसून बघितले तरी जात नाही. मग एखाद्या मिनिटात तो कडेकडून विरत जातो आणि गिऱ्हाईक खिशात हात घालते. यात फसवणूक काही नाही. फक्त हा प्रयोग चोवीस-पंचवीस अंशांचा आहे. पुढच्या आठवड्यात तोच माणूस दुकानात परत येतो: “दुकानात त बॅटरी मारली का मस्त काया होये भाऊ, वावरात काऊन होत नाई?” त्याला काच बदलून मिळते, नवीही तशीच वागते, आणि शेवटी माल डुप्लिकेट निघाला असे ठरते. माल चांगला असतो. हवा वेगळी असते.

हीच काच डिसेंबरात चिखलदऱ्याला न्या. जिल्हा अमरावतीच, उंची हजार मीटरच्या वर, सकाळी दात वाजतात. उंचीबरोबर अतिनील प्रकाश थोडा वाढतो, हवा गार असते, आणि काच अशी काळी होते की घरात आल्यावरही कितीतरी मिनिटे हटत नाही. ढगाळ दिवशी उजेड कमी असूनही ती काळवंडते, कारण अतिनील प्रकाश ढगांतून बराच खाली पोचतो. म्हणजे जिथे फारशी गरज नाही तिथे पूर्ण, आणि जिथे जीव मेटाकुटीला येतो तिथे अर्धी. उन्हाळ्यात तिचा एक फायदा मात्र मान्य करायला हवा: घरात शिरताच ती लवकर पांढरी होते.

गाडीत बसल्यावरची गंमत आणखी वेगळी. मोटारीची पुढची काच दोन थरांची असते आणि त्यांच्या मधला प्लास्टिकचा पापुद्रा अतिनील प्रकाश जवळपास सगळा अडवतो. तोटीच बंद. त्यामुळे अकोला-अमरावती रस्त्यावर सूर्य समोर असताना, म्हणजे सर्वांत गरजेच्या वेळी, साधी फोटोक्रोमॅटिक काच पांढरीच राहते. दुचाकीवर हेल्मेटची पॉलिकार्बोनेटची काच खाली ओढली की तेच. गाडीतही गडद होणाऱ्या काही नव्या काचा निघाल्या आहेत, त्या दृश्य उजेडालाही प्रतिसाद देतात. पण त्यांना घरातही थोडी छटा राहते आणि त्या महाग आहेत. ज्याचा दिवस स्टीअरिंगमागे जातो त्याने साध्या फोटोक्रोमॅटिकवर पैसे घालू नयेत, असे माझे स्पष्ट मत आहे.

संत्र्याच्या बागेत काम करणाऱ्यांचेही तिच्याशी जुळत नाही. वरुड-मोर्शीच्या बागांतून चालताना दर चार पावलांनी ऊन आणि सावली बदलते. काच काळी व्हायला अर्धे-एक मिनिट लागते, पांढरी व्हायला त्याहून किती तरी जास्त. ती सदैव एक झाड मागे असते.

मग ती कुणासाठी? शाळेच्या मास्तरांसाठी, बँकेतल्या बाईंसाठी, निवृत्तांसाठी. नंबर लागलेला आहे, दिवसातून पाच-सहा वेळा आतबाहेर होते, पण तासन्‌तास उन्हात उभे राहायचे नाही अशांसाठी. दोन चष्मे सांभाळण्याची कटकट वाचते आणि अतिनील प्रकाश ती काळी झालेली असो वा नसो, अडवतेच. हा शेवटचा गुण जाहिरातीत सर्वांत मोठ्या अक्षरांत हवा होता. त्यातली काळी होण्याची जादू डोळ्यांना दिसते, म्हणून ती मोठ्या अक्षरांत असते.

आता चकाकी. १८०८ मध्ये पॅरिसमध्ये एतिएन-लुई मालुस हा फ्रेंच अभियंता मावळतीचे ऊन लक्झेंबर्ग राजवाड्याच्या खिडक्यांवर चमकताना बघत होता, हातात कॅल्साइटचा पारदर्शक स्फटिक होता. स्फटिक फिरवला तशी खिडकीतल्या सूर्याची प्रतिमा कमी-जास्त होऊ लागली. परतलेला उजेड मूळ उजेडासारखा नसतो, हे त्या संध्याकाळी कळले. सूर्याच्या प्रकाशाची कंपने सगळ्या दिशांना असतात. पाणी, काच, ओले डांबर अशा आडव्या पृष्ठभागावरून तो उसळला की त्यात आडवी कंपने वरचढ होतात. डेव्हिड ब्रूस्टरने १८१५ मध्ये त्याचा नियम सांगितला. ठराविक कोनात, पाण्यासाठी ५३ अंश आणि काचेसाठी ५६ अंश, परतणारा उजेड पूर्णपणे आडव्या कंपनांचाच असतो. चष्म्याच्या काचेत फक्त उभी कंपने जाऊ देणारे पटल बसवले की चकाकी तिथेच थांबते आणि खालचा रस्ता, पाण्याचा तळ, समोरच्या गाडीतल्या माणसाचा चेहरा दिसू लागतो.

असे पटल स्वस्तात बनवायला शंभर वर्षे गेली. मधला एक टप्पा सांगण्यासारखा आहे. १८५२ मध्ये इंग्लंडमधल्या विल्यम हेरापाथ या डॉक्टरच्या शिष्याला क्विनाइन पाजलेल्या कुत्र्याच्या लघवीत आयोडिन पडल्यावर हिरवट चकचकीत स्फटिक दिसले. मेळघाटाने ज्या कडू औषधाचा मलेरियासाठी कंटाळा येईस्तोवर उपयोग केला, त्याच्यातून निघालेले हे स्फटिक प्रकाशाची एकच दिशा जाऊ देत. पण ते एवढे नाजूक की मोठे वाढवावेत तर तुटायचे. एडविन लँड नावाच्या अमेरिकन तरुणाने हार्वर्डचा अभ्यास अर्धवट सोडून १९२० च्या दशकाच्या शेवटी युक्ती काढली: मोठा स्फटिक वाढवायचाच नाही, कोट्यवधी बारीक सुया प्लास्टिकमध्ये एका दिशेने ओढून बसवायच्या. पोलरॉइड कंपनी उभी राहिली ती यावर, १९३७ मध्ये.

लँडच्या डोक्यात गॉगल नव्हता, रात्रीचा रस्ता होता. सगळ्या मोटारींच्या दिव्यांवर आणि पुढच्या काचांवर एका तिरक्या दिशेचे पटल बसवले तर समोरून येणाऱ्याचा दिवा आपल्याला मंद दिसेल आणि आपला रस्ता आपल्याला उजळ, असे त्याचे गणित होते. ते बरोबर होते. पण सगळ्यांनी एकदम बसवल्याशिवाय उपयोग नाही, दिवे जास्त प्रखर करावे लागणार, खर्च वाढणार, म्हणून मोटार कंपन्यांनी ते कधीच घेतले नाही. मूर्तिजापूरच्या पुढे रात्री समोरच्या ट्रकचा पांढरा एलईडी डोळ्यांत घुसतो तेव्हा मला त्या बारगळलेल्या कल्पनेची हळहळ वाटते. तिच्या जागी आता ‘नाइट ड्रायव्हिंग’चे पिवळे चष्मे विकले जातात. रात्री मुळात उजेड कमी. त्यातला आणखी कापणारा कुठलाही रंगीत चष्मा रात्री लावू नये. समोरचा दिवा किंचित सौम्य वाटतो, पण रस्त्याच्या कडेने विनादिव्याची जाणारी बैलगाडी तितकीच उशिरा दिसते.

पोलराइज्ड काचेच्या मर्यादा दुकानात कुणी सांगत नाही, म्हणून इथे सांगतो. ब्रूस्टरचा कोन गाठायला सूर्य क्षितिजापासून पस्तीसेक अंश वर हवा. मे महिन्यात आपल्याकडे तो सकाळी साडेआठ-नऊला आणि दुपारी चारच्या आसपास तिथे असतो. त्या वेळी ही काच खरोखर कमाल करते. सूर्य अगदी मावळतीला टेकला की रस्त्यावरून घसरत येणाऱ्या उजेडात आडव्या कंपनांचे प्राबल्य उरत नाही, आणि समोरून थेट येणाऱ्या सूर्याला तर कुठली दिशाच नसते. तिथे गाडीची पट्टी खाली ओढणे, वेग कमी करणे किंवा बोरगावच्या आसपास चहाला थांबणे हेच उपाय. उन्हाळ्यात रस्त्यावर पाणी साचल्यासारखे दिसते ते मृगजळही या काचेने जात नाही. तो तापलेल्या हवेत वाकलेला उजेड आहे.

जिनिंगच्या आवारात सरकीच्या कापसाचे पांढरे डोंगर उन्हात पेटल्यासारखे दिसतात. तिथला उजेड कापसाच्या तंतूंवरून चहूबाजूंनी विखुरतो, त्याला दिशा नसते. पोलराइज्ड काच तिथे नुसत्या काळ्या गॉगलइतकेच काम करते. टिनाच्या पत्र्याचेही तेच, धातूवरची चमक ती फारशी कापत नाही. याउलट खारपाणपट्ट्यातले शेततळे, त्याच्या काठाचा प्लास्टिकचा कागद आणि वाऱ्याने हलणारे पाणी, ओलिताला सोडलेली सरी, ओला डांबरी रस्ता, मोटारीचे बॉनेट इथे तिला पर्याय नाही. शेततळ्याच्या काठावर काम करणाऱ्याने एकदा लावून बघावी. पाण्यावरचा लखलखाट एकदम उतरतो आणि तळाचा गाळ दिसतो.

ही काच खरी की नुसती रंगवलेली हे ओळखणे सोपे आहे. मोबाइलचा स्क्रीन चालू करा, चष्मा समोर धरा आणि काटकोनात फिरवा. एका स्थितीत स्क्रीन काळा पडला तर काच खरी. याच कारणाने पेट्रोल पंपाचा आकडा किंवा गाडीचा डिजिटल मीटर कधीकधी दिसेनासा होतो, आणि समोरच्या मोटारीच्या मागच्या काचेवर चौकटीचौकटींचे ठिपके दिसतात. डोळे बिघडलेले नसतात. कडक केलेल्या काचेतला ताण दिसत असतो.

आता पाठीशी सूर्य असलेल्या अमरावतीकरांकडे वळतो, कारण पहिल्या परिच्छेदात ते फार सुखी वाटले असतील. चष्म्याच्या साध्या काचेच्या प्रत्येक पृष्ठभागावरून सुमारे ४ टक्के उजेड परततो, दोन्ही मिळून ८ टक्के. मागून आलेला सूर्य काचेच्या आतल्या बाजूवर आदळून डोळ्यांत येतो. काच गडद असेल तर समोरचे दृश्य अंधारलेले, बाहुली मोठी झालेली, आणि त्यावर हे परावर्तन. स्वतःच्या पापण्या आणि गालाची कड काचेत दिसते ती यामुळेच. उपाय म्हणजे आतल्या बाजूला परावर्तनरोधी थर, दुकानातली एआरसी. जर्मनीत झाइस कंपनीच्या अलेक्झांडर स्माकुला यांनी १९३५ मध्ये असा थर बसवण्याची पद्धत काढली आणि १९३८ मध्ये अमेरिकेत कॅथरीन ब्लॉजेट यांनी आपल्या वेगळ्या वाटेने परावर्तन न होणारी काच करून दाखवली. थराची जाडी प्रकाशाच्या लहरीच्या पाव हिश्शाएवढी असते. त्याच्या दोन बाजूंवरून परतणाऱ्या लहरी एकमेकींना खोडतात. काचेवर हिरवी-जांभळी झाक दिसते ती त्याची खूण. रात्री दिव्यांचे दुहेरी प्रतिबिंब दिसत असेल तर हाच थर कामाचा. त्याच्याबरोबर गळ्यात मारला जाणारा ‘ब्लूकट’ मात्र विचार करून घ्या: संगणकामुळे डोळ्यांवर येणारा ताण त्याने कमी होतो असे २०२३ च्या कॉक्रेन आढाव्यात आढळले नाही.

या थराचा वऱ्हाडातला शत्रू म्हणजे बंद गाडीचा डॅशबोर्ड. उन्हात उभ्या गाडीत तिथले तापमान सत्तरीकडे जाते. प्लास्टिक जास्त फुगते, वरचा थर कमी. थराला केसासारख्या भेगा पडतात आणि मग त्या काचेतून सगळे धुरकट दिसते. दुसरा शत्रू दुपट्ट्याचे टोक. धूळ बसलेली काच कोरडी पुसली की काळ्या मातीतले कण तिच्यावर रेघोट्या ओढतात. आधी पाणी. दर्यापूर, अकोट, तेल्हाराकडच्या खाऱ्या पाण्याने धुतली तर तशीच वाळू देऊ नका, पांढरे डाग राहतात.

अतिनील प्रकाशावर मी थोडक्यात लिहितो, कारण त्यात वाद नाही. तो मोतीबिंदूला हातभार लावतो आणि बुबुळावर मांस वाढते त्यालाही. धूळ आणि ऊन दोन्ही अंगावर घेणाऱ्या शेतकऱ्यांमध्ये ते मांस गावोगावी दिसते. जागतिक आरोग्य संघटनेच्या अतिनील निर्देशांकात ११ आणि त्यापुढे सर्वांत वरची पायरी; निरभ्र मे महिन्यात भर दुपारी आपण तिथे सहज असतो. पण बारा वाजता भुवया आणि रुमालाची कड डोळ्यांना सावली देतात. डोळ्यांत थेट जास्त शिरतो तो सूर्य चाळिसेक अंशांवर असताना, म्हणजे ज्या वेळा आपण ‘ऊन उतरले’ म्हणून बाहेर पडतो तेव्हा. काचेच्या काळेपणाचा आणि या संरक्षणाचा संबंध नाही. पॉलिकार्बोनेटची पारदर्शक काच जवळपास सगळा अतिनील प्रकाश अडवते. यात्रेत घेतलेला, कसलाच शेरा नसलेला काळा गॉगल बाहुली मोठी करतो आणि बाकी राम भरोसे. गॉगलवर ‘यूव्ही ४००’ आणि गडदपणाचा वर्ग लिहिलेला असावा. वर्ग ३ म्हणजे ८ ते १८ टक्के उजेड आत येतो. आपल्या उन्हाळ्याला तो योग्य. वर्ग ४ गाडी चालवताना चालत नाही.

पुढच्या प्रकरणांत काचांचे साहित्य, रंग, नंबर आणि किमतींचा तपशील आहे. तो वाचण्याआधी एक अट. उन्हात अचानक जास्त दिपत असेल, दिव्याभोवती वलये दिसत असतील, एका डोळ्याला दुसऱ्यापेक्षा जास्त त्रास होत असेल, तर चष्म्याच्या दुकानाआधी नेत्रतज्ज्ञाकडे जा. मोतीबिंदूतली चकाकी डोळ्याच्या आत तयार होते. ती कुठल्याच काचेने जात नाही, ऑपरेशनने जाते. काचबिंदूची वलये तर थांबण्यासारखी गोष्टच नाही.

आणि फोटोक्रोमॅटिक घ्यायचीच असेल तर थंडाव्यात घेऊ नका. एप्रिल उलटल्यावर जा, नमुन्याची काच मागा आणि बॅटरी बाजूला ठेवायला सांगा. काच दुकानाबाहेर भर उन्हात दहा मिनिटे धरा आणि पांढऱ्या कागदावर तिची सावली बघा. तेवढा काळेपणा पुरत असेल तर पैसे द्या. दुकानदार काच बाहेर न्यायला नाही म्हणाला तर दुसरे दुकान गाठा.